खुल्या मैदानातला हळू आवाज : विल्को आणि सॉलिड साउंड

निशिगंध

नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र असते; पण एक प्रश्न बराच काळ मनात घोळतो आहे आणि तो इथल्या जाणत्यांपुढे मांडावा असे वाटले.

२०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी बॉस्टनहून गाडीने नॉर्थ ॲडम्सला गेले होते. मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात, बर्कशरच्या डोंगरांच्या कुशीत हे लहानसे गाव आहे. तिथल्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात आता 'मास मोका' हे समकालीन कलेचे प्रचंड मोठे संग्रहालय आहे, आणि त्याच्या मागच्या मैदानात विल्को हा शिकागोचा बँड २०१० पासून 'सॉलिड साउंड' नावाचा महोत्सव भरवतो. साधारणपणे दोन वर्षांतून एकदा तो होतो. मधल्या काळात करोनामुळे खंड पडला होता. २७ मेची संध्याकाळ होती. त्यांचा 'क्रूएल कंट्री' हा एकवीस गाण्यांचा संग्रह त्याच दिवशी प्रसिद्ध झाला होता आणि त्यातलीच गाणी ते आमच्यासमोर वाजवत होते. याचा अर्थ असा, की मैदानातल्या हजारो माणसांपैकी जवळजवळ कोणालाही ती गाणी पाठ नव्हती. ओळखीच्या चालीवर टाळ्यांचा ठेका धरावा, मोठ्याने सोबत गावे, अशी सोयच नव्हती.

एक गाणे सुरू झाले. बँडचे गायक जेफ ट्वीडी यांच्या हातात साधी लाकडी गिटार होती, ग्लेन कोची ढोलांवर काठ्यांऐवजी ब्रश फिरवत होते आणि नेल्स क्लाइन मांडीवरच्या स्टील गिटारवर एकेक स्वर सावकाश ओढत होते. सगळे इतके हळू होते, की पुढच्या चादरीवर बसलेल्या बाईंनी डब्याचे झाकण लावले तो आवाजही मला ऐकू आला. आणि तरीही गाण्यातला एक शब्द हरवला नाही. उघड्या आकाशाखाली वाजवायचे तर आवाज चढवावाच लागतो, अशी माझी आजवरची समजूत होती. कॉलेजात असताना मुंबईत जे जे रॉक कार्यक्रम ऐकले, त्यांतून बाहेर पडल्यावर दोन दिवस कान वाजत असत. त्यामुळे माझा प्रश्न सरळ आहे: मैदानात हळू कसे वाजवता येते?

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगते. इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल गावी ऐंशीच्या दशकात ट्वीडी आणि जे फरार (Jay Farrar) या शाळेपासूनच्या मित्रांनी माइक हायडॉर्नला घेऊन 'अंकल टुपेलो' नावाचा बँड काढला. पंक रॉकचा दणका आणि कंट्री या अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीतातली जुनी, गरिबीची, खाणींची, देवाधर्माची गाणी या दोन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. १९९० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे 'नो डिप्रेशन' हे नाव कार्टर कुटुंबाने तीसच्या दशकात गायलेल्या एका भक्तिगीतावरून घेतले होते. पुढे १९९५ मध्ये याच नावाचे नियतकालिक निघाले आणि ज्याला आज आपण ऑल्ट-कंट्री म्हणतो त्या साऱ्या प्रवाहाला काही काळ तेच नाव चिकटले. १९९४ मध्ये फरार बाहेर पडले व त्यांनी 'सन व्होल्ट' हा बँड काढला. उरलेल्यांचा विल्को झाला. रेडिओवरून बोलताना 'सांगितले तसे करतो' या अर्थाने वापरला जाणारा हा शब्द आहे.

सुरुवातीपासून आजवर टिकलेले दोघेच आहेत, ट्वीडी आणि बासवादक जॉन स्टिरॅट. पण क्लाइन आणि पॅट सॅन्सोन आल्यापासून, म्हणजे २००४ पासून, हे सहा जण बदललेले नाहीत. कोची २००१ पासून आहेत, कीबोर्डवर मिकाएल जॉर्गेन्सन. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रॉकच्या जगात वीस वर्षे तीच सहा माणसे एकत्र वाजवत राहणे हे सहसा घडत नाही, आणि त्या संध्याकाळी जे ऐकले त्याचे मूळ यातच असावे असा माझा तर्क आहे. एकमेकांच्या वाजवण्याची खात्री असली, की माणूस जागा भरून काढायच्या घाईत पडत नाही. तर्क चुकीचा असल्यास अवश्य सांगा.

ध्वनिवेडा

निशिगंधताई, धागा आवडला. मी पुण्यात ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, त्यामुळे मंचाच्या मागच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट म्हणजे मैदान हे हळू आवाजाचे शत्रू नाही. कित्येकदा बंदिस्त सभागृहच शत्रू असते. सभागृहात आवाज भिंतींवर, छतावर आपटून परत येतो, आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते आणि सगळे गढूळ होते. मैदानात परतणारा आवाज फारच थोडा. जे निघाले ते थेट कानावर येते आणि पुढे निघून जाते. त्यामुळे शब्द स्वच्छ राहतात, मात्र ताकद झपाट्याने घटते: एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. म्हणूनच मोठ्या मैदानांत स्पीकरांच्या उभ्या माळा टांगतात, कारण माळेचा आवाज जवळच्या पट्ट्यात त्याच्या निम्म्यानेच उतरतो. मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मध्यावर वेगळे खांब उभारून त्यांवर स्पीकर लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवरच्या खांबाला वीज तत्क्षणी पोहोचते, आवाज मात्र जवळजवळ दीड दशांश सेकंदाने. म्हणून त्या खांबावरचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी जमीन तापलेली असते, वरची हवा तुलनेने गार असते, त्यामुळे आवाज वरच्या बाजूला वळतो आणि मागच्या रांगांच्या डोक्यावरून निघून जातो. सूर्य कलला, जमीन निवली, की हा प्रकार उलटतो. आवाज खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. डोंगरांमधल्या गावात संध्याकाळी गारवा लवकर उतरतो, त्याचा फायदा तुम्हाला नक्की मिळाला असणार.

पण खरे उत्तर तिसऱ्या गोष्टीत आहे आणि तिथे मी तुमच्या तर्काशी सहमत आहे. मंचावर गिटारचे ॲम्प्लिफायर मोठ्याने लावले आणि ढोल जोरात वाजवले, की तो सारा कल्लोळ गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. मग मी गायकाचा आवाज चढवला की त्याबरोबर ढोलही चढतो, आणि गाणे ऐकू यावे म्हणून सगळेच वाढवत न्यावे लागते. मंचावरची माणसे जर आपापसांत हळू वाजवू शकली, तर प्रत्येक मायक्रोफोनमध्ये ज्याचा त्याचाच आवाज येतो आणि समोर बसलेल्या माणसाला तो हवा तितका वाढवून देता येतो. म्हणजे श्रोत्यांना ऐकू आलेला हळूपणा मंचावर जन्मलेला असतो. कळ फिरवून तो आणता येत नाही. मी ज्यांच्यासाठी काम केले त्यांतल्या बहुतेक तरुण बँडांना हे समजावणे फार अवघड गेले आहे.

आणखी एक. तुम्ही म्हणता तो कारखाना कोणाचा होता ठाऊक आहे का? स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीचा. पन्नासच्या दशकातल्या गिब्सन गिटारांत सुरांचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणाऱ्या बटणामागे स्प्रेगचेच कपॅसिटर असत, आणि आजही जुन्या गिटारी दुरुस्त करणारे ते शोधत असतात. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात ज्या कंपनीचा वाटा आहे, तिच्या अंगणात हे वादन व्हावे हे मला फार छान वाटले.

पूर्वसूरी

लेख उत्तम आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिकागोत शिकत होतो. तेव्हाचा विल्को हा वेगळा बँड होता. जे बेनेट (Jay Bennett) हे वादक त्यात होते आणि त्यांच्यामुळे त्या संगीतात एक बेफिकीर भरगच्चपणा होता. २००१ मध्ये ते बाहेर पडले आणि मे २००९ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, गेले. त्यांनी ज्याच्या घडणीत जीव ओतला तो 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा संग्रह रिप्राइज या कंपनीने नाकारला, बँडने सप्टेंबर २००१ मध्ये तो आपल्या संकेतस्थळावर सर्वांना ऐकण्यासाठी खुला केला, आणि एप्रिल २००२ मध्ये तोच संग्रह नॉनसच कंपनीने विकत घेऊन काढला. दोन्ही कंपन्या एकाच वॉर्नर समूहातल्या होत्या, म्हणजे एकाच घराने एका गोष्टीचे दोनदा पैसे मोजले. त्या काळातल्या वादनात धोका होता. पुढच्या क्षणी सगळे कोसळेल की काय असे वाटत राहायचे. आजच्या सहा जणांचे वादन निर्दोष आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्याला आपण प्रगल्भ हळूपणा म्हणतो, त्यातला काही भाग वयाचा आणि सुरक्षिततेचा असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

निशिगंध

ध्वनिवेडा, तुमचे उत्तर मी तीन वेळा वाचले. मंचावर जन्मलेला हळूपणा ही गोष्ट मला आता पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात आठवेल.

पूर्वसूरी, बेनेट यांच्याविषयीचा तुमचा जिव्हाळा मी समजू शकते आणि त्या संग्रहातले त्यांचे स्थान कोणी नाकारू नये. पण हळूपणा वयाबरोबर आला, हे मला पटत नाही. १९९२ चा मार्च आठवून पाहा. सिएटलचे कर्कश गिटार सगळ्या अमेरिकेत घुमत होते आणि प्रत्येक कंपनी तसाच आवाज शोधत होती. नेमक्या त्या वेळी अंकल टुपेलोची तीन तरुण पोरे जॉर्जियातल्या अथेन्स गावी गेली, आर.ई.एम. या बँडच्या पीटर बक यांच्या देखरेखीखाली त्यांनी पाच दिवस ध्वनिमुद्रण केले आणि बहुतांश विजेविना वाजवलेला, खाणकामगारांच्या गाण्यांचा आणि जुन्या भक्तिगीतांचा समावेश असलेला संग्रह करून आणला. ट्वीडी तेव्हा पंचविशीचेही नव्हते. सगळे ओरडत असताना हळू बोलण्याचे धाडस त्यांच्याकडे पहिल्यापासून आहे.

धोक्याविषयीही एक सांगावेसे वाटते. त्याच महोत्सवात, हळू गाणी संपल्यावर, असे काही प्रसंग आले की क्लाइन आणि कोची यांनी मिळून आवाजाचा एक डोंगर उभा केला. स्वर, ठेका, काहीच ओळखू येईना, आणि मग ट्वीडींनी मान हलवताच तो डोंगर एका क्षणात नाहीसा होऊन मागे फक्त गिटारची एक तार उरली. क्लाइन यांची वाढ लॉस एंजेलिसच्या मुक्त जॅझमध्ये झाली आहे आणि त्यांचे एकट्याचे वादन कोणत्याही दोन कार्यक्रमांत सारखे नसते. हा धोका नव्हे तर काय? फरक इतकाच, की पूर्वी कोसळण्याची भीती वाटायची, आता कोसळवून पुन्हा उभे करण्याची हातोटी दिसते. मला दुसरी गोष्ट अधिक अवघड वाटते.

तारसप्तक

मी सतार वाजवते, रॉक फारसे ऐकत नाही. पण निशिगंधताईंनी वर्णन केलेल्या संध्याकाळी माझे लक्ष तारांकडे गेले असते. उघड्यावर वाजवणाऱ्याला सर्वांत मोठी चिंता सुराची असते. उन्हात पोलादी तार तापते, सैल होते आणि सूर उतरतो. संध्याकाळी गारवा आला की तार आखडते आणि सूर चढतो. दमट हवेत लाकूड फुगते ते वेगळेच. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात डिसेंबरच्या थंडीत तंबोरे पुन्हा पुन्हा जुळवताना आपण सर्वांनीच पाहिले आहेत. आमच्याकडे कलाकार श्रोत्यांसमोर जुळवतो आणि श्रोतेही त्यात सहभागी होतात. या मंडळींकडे ते कसे करतात? आणि मांडीवरच्या स्टील गिटारला पडदे नसतात असे वाचले होते, मग गारठ्यात तो स्वर नेमका लागतो कसा?

ध्वनिवेडा

तारसप्तकताई, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. मोठ्या बँडांबरोबर गिटारी जुळवून हाती देणारी माणसे असतात. ती मंचाच्या कडेला बसून पुढच्या गाण्याची गिटार तयार ठेवतात आणि दोन गाण्यांमध्ये अदलाबदल करतात. म्हणूनच ट्वीडी जवळजवळ प्रत्येक गाण्याला वेगळी गिटार घेताना दिसतात. अर्थात वेगवेगळ्या गिटारींचा आवाज वेगळा असतो, हेही कारण आहेच.

लॅप स्टीलवर खुणेच्या रेघा असतात, पण डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवर सरकवताना स्वर कानानेच पकडावा लागतो. सतारीवर तुम्ही मींड घेता तेव्हा पोहोचायचा स्वर आधी मनात लागलेला असतो, तसेच हे आहे. कंट्रीतल्या त्या रडव्या, लांबणाऱ्या स्वराचे मूळ हवाई बेटांवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे गिटार आडवी ठेवून अशी वाजवू लागले आणि पुढे ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोहोचली. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतातली हवाईयन गिटारही त्याच घराण्यातली.

गिरणगावकर

मी संगीतातला जाणकार नाही, परंतु कारखान्याच्या उल्लेखावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मागच्या वर्षी मुलीला भेटायला न्यूयॉर्कला गेलो होतो आणि तिच्याबरोबर हे संग्रहालय पाहून आलो. तेव्हा तिथे महोत्सव नव्हता. स्प्रेगच्या आधी त्या इमारतींत अर्नोल्ड प्रिंट वर्क्स हा कापड छापण्याचा कारखाना होता. एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या इमारती, उंच खिडक्या, आवारातून वाहणारी आणि सिमेंटच्या भिंतींत बांधलेली हूसिक नदी. आत पाऊल टाकले आणि मला लालबागच्या घरी आल्यासारखे झाले. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. पुढे काय झाले ते इथे सर्वांना माहीत आहे.

नॉर्थ ॲडम्समध्ये १९६६ च्या सुमारास एकट्या स्प्रेगमध्ये चार हजारांहून अधिक माणसे कामाला होती आणि गावाची लोकसंख्या सारी अठरा हजारांच्या आसपास. १९८५ मध्ये कंपनी तिथून गेली. म्हणजे दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातली चूल विझली असणार. संग्रहालय उघडायला १९९९ साल उजाडले. मधली चौदा वर्षे त्या गावाने कशी काढली असतील, हा विचार मी तिथे फिरताना सतत करत होतो. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टोलेजंग इमारती आल्या. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ या काळात ब्लूफ्रॉग नावाचे संगीताचे उत्तम ठिकाण होते, तेवढा एक अपवाद मला आठवतो. पण तिथे आत जाणे आमच्या चाळीतल्या माणसाला परवडणारे नव्हते.

निशिगंधताईंनी लिहिले आहे की या बँडची मुळे खाणकामगारांच्या गाण्यांत आहेत. मग त्यांनी असा बंद पडलेला कारखाना निवडणे मला योग्य वाटते. माझी मुलगी आता त्यांची गाणी मला पाठवते. शब्द पूर्ण कळत नाहीत, पण त्या माणसाचा आवाज कामावरून थकून आलेल्या माणसासारखा वाटतो.

निशिगंध

गिरणगावकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुम्हाला जे आवाजात ऐकू आले त्याला आधार आहे. ट्वीडींचे वडील रेल्वेत होते आणि बेलव्हिल हे कोळसा, मद्यनिर्मिती आणि शेगड्यांच्या कारखान्यांवर उभे राहिलेले गाव. मुले मोठी होईपर्यंत त्यातले पुष्कळसे ओसरले होते. १९९८ मध्ये वूडी गथ्री यांच्या मुलीच्या आमंत्रणावरून, इंग्लंडच्या बिली ब्रॅग यांच्याबरोबर, गथ्रींनी लिहून ठेवलेल्या पण चाली हरवलेल्या गीतांना विल्कोने नव्या चाली दिल्या. कष्टकऱ्यांचा तो कवी त्यांना परका वाटला नाही.

पूर्वसूरी

१९९२ च्या त्या संग्रहाचा मुद्दा मान्य आहे. तो मी विसरलो होतो, आणि त्यामुळे माझ्या म्हणण्याचा निम्मा आधार जातो. उरलेला निम्मा मी अजून सोडलेला नाही. तरीही पुढच्या खेपेस नॉर्थ ॲडम्सला जाऊन स्वतः ऐकेन असे ठरवले आहे. कुठे बसावे, काय न्यावे, याविषयी काही सुचवाल का?

निशिगंध

अवश्य. मैदानाच्या मध्ये ध्वनिसंयोजकांचा तंबू असतो, त्याच्या जवळपास जागा धरा; ज्यांच्या हाती आवाज आहे त्यांना जे ऐकू येते तेच तुम्हालाही येईल. बसायला चादर आणि अंगावर स्वेटर न्याच, उन्हाळ्यातही. दिवसा संग्रहालय उघडे असते आणि सॉल लेविट यांच्या भित्तिचित्रांच्या तीन मजल्यांवर दुपार कशी जाते ते कळत नाही. राहण्याची सोय मात्र फार आधी करावी लागते, गाव लहान आहे.

गिरणगावकर

एक राहिले होते. काल रात्री मी वडिलांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. साच्यांच्या खडखडाटात तीस वर्षे काढल्यामुळे त्यांना फारच कमी ऐकू येते, म्हणून कानाजवळ जाऊन वाचावे लागते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले: तिथला भोंगा अजून आहे का? मी पाहिला नव्हता. ताईंना ठाऊक असल्यास सांगावे, मी त्यांना कळवेन.

निशिगंध

भोंगा मला दिसला नाही, पण घड्याळाचा मनोरा आहे. कारखान्याची वेळ सांगणाऱ्या त्यातल्या घंटा कंपनी गेल्यानंतर मुक्या झाल्या होत्या. क्रिस्टिना कुबिश या जर्मन कलावतीने १९९७ मध्ये, संग्रहालय उघडण्याच्याही आधी, त्यांना पुन्हा बोलते केले. मनोऱ्यावर सूर्यप्रकाश टिपणाऱ्या पट्ट्या आहेत आणि ऊन किती पडते त्याप्रमाणे घंटांचे स्वर बदलतात. बाबांना सांगा, वाजतात.